नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

कॉलेजच्या लॅबमधून फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याचा असतो: "सर, नेट गेलंय." लायब्ररीतल्या मॅडमसाठी नेट म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचं पान, ऑफिसात ते विद्यापीठाचं पोर्टल, आणि पोरांसाठी काय ते सांगायला नको. कोपऱ्यातल्या टेबलाखाली डेबियन लिनक्सवर चालणारा सर्व्हर आहे, त्याच्या मागे स्विच, स्विचच्या मागे राउटर, राउटरच्या मागे फायबरवाल्याचा डबा. यातलं काहीही बिघडलं तरी तक्रार तीच येते. म्हणून "काय झालं?" असं मी विचारतच नाही. विचारतो ते असं, "कालपासून त्या खोलीत कोण आलं होतं आणि काय करून गेलं?"

"काही नाही सर. सर्व्हरला नवी एसएसडी बसवून गेले फक्त."

डिस्क आत गेली आणि नेट बाहेर गेलं. वरवर पाहता या दोन गोष्टींचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे सांगणाऱ्यालाही ते 'काही नाही' वाटतं.

माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो: "रीस्टार्ट मारू का?" तर थांब. विंडोजवर वाढलेल्या पिढीच्या हाताला ही सवय आहे, आणि कधी कधी तिने काम होतंही. पण रीस्टार्टने बिघाड दबला तर तो कशाने झाला होता ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परीक्षेच्या सकाळी परत येतो. आधी बघायचं, मग हात लावायचा. लिनक्स बहुतेक सगळं लिहून ठेवतं. गेल्या वेळी सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत काय घडलं, तेही जर्नलमधून काढता येतं. फक्त जर्नल डिस्कवर साठवलं जातंय ना, ते वेळेवर पाहिलेलं असावं लागतं.

बघायचं तेही खालून वर. केबल जिथे घुसते तिथला दिवा लुकलुकतोय का? मशीनला स्वतःचं नेटवर्क कार्ड दिसतंय का? कार्डाला पत्ता मिळालाय का? राउटरला हाक मारली तर ओ येते का? राउटरच्या पलीकडे येते का? आणि शेवटी, नाव सांगितलं तर पत्ता सापडतो का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही, तिसरं नाही. जिथे पहिला 'नाही' येतो तिथे थांबायचं, त्याच्या वरचं काहीही चाचपत बसायचं नाही. ऐकायला हे पोरखेळ वाटेल, पण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तासभर घालवून शेवटी केबल सैल निघाल्याचे प्रसंग या धंद्यात रोज घडतात.

हाक मारायची ती पिंगने. माईक म्यूस या गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत तो छोटासा प्रोग्राम लिहिला, तोही एका विचित्र वागणाऱ्या नेटवर्कचा छडा लावण्यासाठीच. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. चाळीस वर्षं उलटली तरी त्याच्याइतकं सरळ उत्तर देणारं दुसरं हत्यार माझ्या पाहण्यात नाही.

त्या दिवशी पिंगपर्यंत जायची गरजच पडली नाही. पहिला 'नाही' दुसऱ्याच प्रश्नाला आला. सुरू होतानाचे संदेश चाळले तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं की 'ईएनपी३एस०' नावाचं उपकरण सापडत नाही. पोरगा म्हणाला, "कार्ड गेलं." पण कार्ड गेलेलं नव्हतं, दिवा व्यवस्थित जळत होता. मशीनला कोणकोणती कार्डं दिसताहेत याची यादी मागितली, तर तिथे ईएनपी३एस० नव्हतंच, 'ईएनपी४एस०' होतं.

आता हे ३ आणि ४ कुठून आले? या नावात कार्डाचा ठावठिकाणा असतो: ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआयची ३ नंबरची बस, एस० म्हणजे तिच्यावरची ० क्रमांकाची जागा. हे बसचे नंबर मदरबोर्डवर कोरलेले नसतात. मशीन सुरू होताना जे जे जोडलेलं सापडेल ते ओळीने मोजत जातात. नव्या एनव्हीएमई एसएसडीला मोजणीत आधीची जागा मिळाली, ३ नंबर तिने घेतला आणि नेटवर्क कार्ड एक घर पुढे सरकलं. नेटवर्कच्या फाइलमध्ये मात्र जुनंच नाव. मशीन इमानेइतबारे जुन्या नावाचं कार्ड शोधत होतं आणि समोर बसलेल्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

यातली गंमत अशी, की ही नावं आली तीच नावं बदलू नयेत म्हणून. पूर्वी सरळ ईटीएच०, ईटीएच१ असायची. जे कार्ड आधी ओळखलं जाईल ते ०, नंतरचं १. दोन कार्डांचं मशीन एखाद्या सकाळी उठायचं आणि आतलं कार्ड बाहेरचं, बाहेरचं आतलं होऊन बसायचं. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत ठावठिकाण्यावरून नाव द्यायची पद्धत आली आणि २०१७ च्या डेबियन ९ पासून नव्या इन्स्टॉलेशनला ती आपोआप लागू झाली. एरवी पद्धत चांगली आहे. पण ठिकाणावरून नाव ठेवलं की ठिकाण हललं की नावही हलणार.

फाइलमध्ये ३ चा ४ केला की नेट दोन मिनिटांत येतं, आणि बहुतेक जण तेवढंच करून निघतात. मला ते पटत नाही, कारण उद्या कोणी ती एसएसडी काढली की पुन्हा तोच फोन. प्रत्येक कार्डावर कारखान्यातूनच एक क्रमांक येतो, मॅक ॲड्रेस. सिस्टमडीच्या नेटवर्कच्या फोल्डरमध्ये चार ओळींची एक फाइल ठेवायची: ज्याचा मॅक अमुक, त्याचं नाव 'लॅन०'. मग नेटवर्कच्या फाइलमध्येही लॅन० लिहायचं, आणि सुरुवातीला मेमरीत चढणारी इनिट्रॅमएफएस नावाची जी छोटी प्रणाली असते तीही नव्याने बांधून घ्यायची. ही शेवटची पायरी विसरली जाते, कारण नाव ठेवायचं काम पुष्कळदा त्या छोट्या प्रणालीतच उरकलेलं असतं आणि तिच्याकडे तुमच्या नव्या फाइलचा पत्ताच नसतो.

अपग्रेडची जात वेगळी. इथे काही तुटण्याआधीच कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं की काय तुटणार आहे, आणि ते कोणी वाचत नाही. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर रिलीज नोट्स येतात, त्यात 'या वेळी काय काय अडेल' असं एक सबंध प्रकरण असतं. आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची. ११ म्हणजे बुल्सआय हा घोडा, १२ म्हणजे बुकवर्म ही अळी, आणि कायम अर्धवट अवस्थेत असणाऱ्या आवृत्तीचं नाव सिड, सिनेमात खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या कार्ट्याचं.

१० जून २०२३ ला बुकवर्म आली. तिच्या नोट्समधल्या दोन गोष्टींनी आमच्या लॅबमध्ये काम काढलं. पहिली फर्मवेअरची. वायफाय आणि काही नेटवर्क कार्डांना चालायला कंपनीने दिलेला बंद कोड लागतो, तो १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या विभागात गेला. पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत हा शब्द वाढवला नाही तर अपग्रेड बिनबोभाट होतं, मशीन चालतंही, फक्त फर्मवेअर जुन्यावरच अडकून राहतं. चालतंय म्हटल्यावर कोणाच्या लक्षात येणार? चांगली बाजू अशी की १२ च्या इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर घातलेलं आहे. त्याआधी नव्या लॅपटॉपवर डेबियन टाकताना फर्मवेअरच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन बसावं लागायचं, कारण त्या उतरवायला नेट लागतं आणि नेटला त्या फाइली लागतात.

दुसरी गोष्ट याच वळणाची, पण जास्त वैताग देणारी. नावावरून पत्ता शोधणारी सिस्टमडी-रिझॉल्व्हडी ही सेवा ११ पर्यंत मूळ सिस्टमडीच्या पॅकेजात होती. १२ मध्ये ती वेगळं पॅकेज झाली, आणि अपग्रेड करताना ते पॅकेज आपोआप येत नाही. ज्या मशीनवर कोणी ही सेवा चालू करून ठेवली होती, ते अपग्रेडनंतर उठलं आणि गावाची नावंच विसरलं. राउटर ओ देतोय, ८.८.८.८ ला हाक मारली तर तिथूनही ओ येतेय, पण एकही नाव उघडत नाही.

हे जवळून बघण्यासारखं आहे. नाव कोणाला विचारायचं, हे रिझॉल्व्ह-कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये असतं. ती उघडायला गेलो तर मशीन म्हणतं फाइलच नाही. फोल्डरची यादी काढली तर फाइल तिथे हजर. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. नीट पाहिलं तर ती फाइल नव्हतीच, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक होती, आणि ते बोट 'रन' या फोल्डरकडे होतं. 'रन' असतं मेमरीत, दर वेळी सुरू होताना कोरं. तिथली ती फाइल रिझॉल्व्हडीने बनवायची, आणि रिझॉल्व्हडी तर उरलेलीच नाही. "मग इन्स्टॉल करू की परत," पोरगा म्हणाला. कर की. पॅकेज आणायला डेबियनच्या सर्व्हरचं नाव विचारावं लागेल, आणि नाव सांगणारा कोणी नाही.

गाठ सुटते ती साधेपणाने. लिंक काढून टाकायची, त्याच नावाची खरी फाइल करायची, तिच्यात राउटरचा पत्ता असलेली एक ओळ लिहायची. नावं चालायला लागली की मग पॅकेज आणायचं की नाही ते निवांत ठरवा. आम्ही नाही आणलं. एका जागी बसलेल्या, केबलने जोडलेल्या मशीनला ती एक ओळ पुरते, आणि जितके हलते भाग कमी तितकी माझी रात्रीची झोप बरी.

वायर ठीक, पत्ता ठीक, नाव ठीक, पिंग ठीक, आणि तरीही 'नेट नीट चालत नाही', हे दुखणं सगळ्यांत फसवं. काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या गोल गोल फिरत राहतात. दूरच्या मशीनवर एसएसएचने आत शिरता येतं, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की पडदा गोठतो. लहान गोष्टी जातात, मोठ्या अडकतात, हे एकदा ध्यानात आलं की अर्धं काम झालं. इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं. फायबरवाला पीपीपीओई वापरत असेल तर त्याच्या वेष्टनाला ८ बाइट लागतात, उरतात १४९२. मोठं पाकीट आलं की राउटरने पाठवणाऱ्याला कळवायचं, 'लहान करून पाठव'. पण सुरक्षेच्या अतिउत्साहात कोणीतरी मध्ये असे निरोप अडवून ठेवलेले असतात. मग टपावर उंच पेटारा लादलेली एसटी पुलाखाली अडकावी आणि डेपोला पत्ताच नसावा, तसं होतं. डेपो मागून गाड्या सोडतच राहतो.

पिंगला सांगता येतं की पाकीट तोडू नकोस आणि अमुक आकाराचं पाठव. १४७२ बाइटचं पाठवलं, वर २८ बाइटचं शीर्षक, बेरीज १५००: उत्तर नाही. १४६४ पाठवलं, बेरीज १४९२: लगेच उत्तर. मधल्या आठ बाइटांत सगळा घोळ. राउटरमध्ये पाकिटांची मर्यादा कमी करून घ्यायचा एक पर्याय असतो, तो चालू केला की झालं. फायबरवाल्याच्या पोराला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, स्पीड टेस्ट तर फुल दाखवतेय." दाखवणारच.

घड्याळाचं दुखणं त्या मानाने चिल्लर. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल मेला की मशीन जुन्या तारखेला उठतं. मग सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं 'अजून लागू झालेली नाहीत' आणि पॅकेजांची यादीही 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते. संदेशात हे शब्दशः लिहिलेलं असतं. तरी लोक फायरवॉल बंद करून बघतात.

आता १३ येऊन ठेपलीय, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ची. नोट्स वाचून झाल्या आहेत. बूटचं पार्टिशन लहान असेल तर नवा कर्नल मावायचा नाही, म्हणून लॅबमधल्या सगळ्या मशीनवरचे जुने कर्नल काढून जागा केलीय. काही कार्डांची नावं या वेळीही बदलू शकतात असा इशारा त्यात आहेच, पण लॅन० वाल्यांना त्याची फिकीर नाही. अडलंय ते ऑफिसातल्या एका मशीनवर. ते ३२ बिटचं आहे, आणि १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. अशा मशीननी अपग्रेड करूच नये असं नोट्स सांगतात. हेडक्लार्कना हे समजावलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चालतंय ना? मग राहू द्या की हो. बोनाफाइडच तर छापतो त्याच्यावर." खरं आहे. ते १२ वरच राहील, त्याची बाहेर जाणारी वाट राउटरवरून बंद करून टाकू, आणि प्रिंटरपर्यंतची तेवढी चालू ठेवू. फोन तरीही येईलच, नेट गेलंय म्हणून.