चॉकलेटचं रक्त, दोन डॉलरचा मुखवटा

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरात जे रक्त वाहतं, ते चॉकलेट सिरप आहे. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाची पंचाईत नव्हती, आणि पडद्यावर सिरप मस्त दाट दिसायचं. सुरी अंगात घुसल्याचा आवाज हवा, म्हणून खरबुजं मागवली. टेबलावर नाना जातींची खरबुजं मांडून एकेक भोसकलं गेलं. हिचकॉकने डोळे मिटून सगळी ऐकली आणि ‘कसाबा’ जातीचं पसंत केलं. जेमतेम पाऊण मिनिटाच्या त्या खुनाच्या चित्रीकरणाला आठवडा लागला. आणि गंमत म्हणजे या प्रसंगाला पार्श्वसंगीतच नको, असं साहेबांचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने न ऐकता व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहून ठेवल्या, त्या ऐकल्यावर साहेबांनी मुकाट्याने मत बदललं.

माझं एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो: भयपटाला पैसा फार मिळाला की भूत आळशी होतं. कॉम्प्युटरवर बनवलेलं चाळीस हातांचं भूत समोर नाचत असताना मी खुशाल पॉपकॉर्न खातो. खिशात दमडी नसलेल्या माणसाने केलेलं भूत मात्र रात्री पाणी प्यायला उठू देत नाही.

मुखवट्यामागे कॅप्टन कर्क

पुरावा हवा? जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८). खर्च साधारण तीन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. खुनी मायकेल मायर्सला मुखवटा हवा होता. दुकानातून ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा, दोन डॉलरच्या आतला रबरी मुखवटा आणला. कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वरून पांढरा रंग मारला. झाला सैतान तयार.

कथा ऑक्टोबरमधली, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियाच्या ऐन वसंतात. पानगळ आणायची कुठून? मग रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, प्रसंग संपला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. चित्रपटातलं गाव इलिनॉय राज्यातलं, थंड प्रदेशातलं. पण नीट बघितलंत तर मागे पामची झाडं दिसतात. संगीतकाराला द्यायला पैसे नाहीत, म्हणून दिग्दर्शकानेच पियानोवर पाच मात्रांची धून वाजवली. ती आज चित्रपट न पाहिलेल्यांनाही ओळखू येते.

‘जॉज’चं (१९७५) तर बिघाडानेच भलं केलं. स्पीलबर्गने आपल्या वकिलाच्या नावावरून यांत्रिक शार्कचं नाव ‘ब्रूस’ ठेवलं होतं. खाऱ्या पाण्यात ब्रूस सारखा बंद पडायचा. नाइलाजाने शार्क न दाखवताच भीती दाखवावी लागली: नुसतं पाणी, तरंगणारी पिंपं आणि जॉन विल्यम्सचे दोन स्वर. ब्रूस धडधाकट असता तर आपण बहुधा रबरी मासा बघून हसलो असतो.

आवाजांचीही हीच कथा. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) पोरीची मान गर्रकन फिरते तेव्हा येणारा तो कडकड आवाज कसला? क्रेडिट कार्डांनी भरलेलं जुनं चामड्याचं पाकीट माइकसमोर पिळल्याचा. एरवी महिनाअखेरीला आपलं पाकीटही असाच आवाज करतं.

कोर्टालाही न मेलेली भुतं

‘नोस्फेरातू’ (१९२२) या जर्मन मूकपटाने ‘ड्रॅक्युला’ कादंबरी परवानगीशिवाय उचलली आणि पात्रांची नावं बदलली. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने खटला भरला, जिंकला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती वाचल्याच. शवपेटीतून उठणाऱ्याच्या चित्रपटाला हे शोभून दिसलं.

जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं (१९६८) नशीब उलटं. चित्रपटाचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने ते बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्यावर चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही विकावा. रोमेरोच्या हाती त्यातलं फार काही लागलं नाही, पण चित्रपट घरोघरी पोचला आणि चालत्याफिरत्या प्रेतांचा अख्खा धंदा त्यातून उभा राहिला. रक्त? इथेही चॉकलेट सिरपच.

सात भाऊ, एक बस आणि महाबळेश्वर

आता घरच्या भुतांकडे वळू, कारण रॅमसे बंधूंवर माझा फार जीव आहे. फत्तेचंद रामसिंघानी यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारायला जड, म्हणून त्याचं ‘रॅमसे’ झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं आणि चित्रपटाच्या नादी लागलं. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम या भावांच्या लक्षात आलं, की लोक तेवढ्यासाठी थेटरात येतायत. मग सबंध चित्रपटच तसा काढला तर?

त्यातून आला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२). कुटुंब, नट आणि मोजके तंत्रज्ञ बसमध्ये घालून सगळे महाबळेश्वरला गेले. ना सेट, ना स्टुडिओ. राहायचं तिथेच चित्रीकरण. घरच्या बायका स्वयंपाक बघायच्या. सात भावांत कामं वाटलेली: कुणी लेखन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. पगार घरातल्या घरात. इतक्या काटकसरीत बनलेला चित्रपट गल्ला भरणार नाही तर काय!

त्यांचा सगळ्यात गाजलेला ‘पुराना मंदिर’ (१९८४). त्यातला सामरी हा राक्षस झालेले अनिरुद्ध अगरवाल रुरकीहून शिकलेले सिव्हिल इंजिनियर. मेकअपला फारसं काम नव्हतंच, उंची आणि चेहऱ्यानेच निम्मं काम केलेलं. पुढे तेच शेखर कपूरच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर झाले आणि डिस्नेच्या १९९४ च्या ‘द जंगल बुक’मध्येही दिसले. ‘पुराना मंदिर’मध्ये आपले सदाशिव अमरापूरकरही आहेत. आणि मध्येच, काही कारण नसताना, जगदीप ‘शोले’ची नक्कल करून जातात. भुताच्या चित्रपटात डाकूंचा विनोद कशाला, असं विचारणाऱ्यांनी रॅमसे बघू नयेत. तिकिटात सगळं मिळायला हवं, हा तिथला कायदा.

त्याच्याही खूप आधी, १९४९ च्या ‘महल’मध्ये लता मंगेशकरांनी जे ‘भुताचं’ गाणं गायलं, त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! तेव्हा तसाच रिवाज होता.

तात्या विंचू जिंदाबाद

१९८८ मध्ये अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ आला: मरणाऱ्या खुन्याचा आत्मा चकी नावाच्या बाहुल्यात शिरतो. त्यातल्या खुन्याचं, चार्ल्स ली रे याचं, नाव तीन कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं: चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ऑस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे. पाच वर्षांनी महेश कोठारेंनी तीच कल्पना मराठीत आणली आणि ‘झपाटलेला’ (१९९३) झाला. तात्या विंचू हा बाहुला बनवला रामदास पाध्ये यांनी, आवाज आणि मूळ गुंड दिलीप प्रभावळकर. ज्यांचे गोड आजोबा बघत आपण मोठे झालो, त्याच प्रभावळकरांनी एका पिढीची झोप उडवली.

थोडं धाडसाने म्हणतो: तात्या विंचू चकीपेक्षा सरस आहे. चकी नुसता खुनशी. तात्या खुनशी आहेच, पण वैतागलेलाही आहे. त्याला हवाय लक्ष्याचा देह. आणि लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतःच घाबरून बोबडी वळलेला. शिवाय कथेत लक्ष्या स्वतः बोलक्या बाहुल्यांचा वेडा, त्यामुळे बाहुला घरात कसा आला याचा खुलासा वेगळा द्यावाच लागत नाही. हा चित्रपट हिंदीत डब झाला तेव्हा त्याचं नाव होतं ‘खिलौना बना खलनायक’. त्या काळच्या व्हिडिओ लायब्ररीला याहून चपखल नाव सुचलं नसतं.

याच कोठारेंनी त्याआधी ‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट केला होता. बाटलीतला गंगाराम आणि कवट्या महांकाळ. सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळकरांनी हे कसं घेतलं असेल देव जाणे.

आजी कोण, ओळखा

‘तुंबाड’ (२०१८) मात्र माझ्या मताला थोडा सुरुंग लावतो, कारण तो दिसतो श्रीमंत. पण त्याची श्रीमंती पैशाची कमी आणि चिकाटीची जास्त. राही अनिल बर्वे (‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वेंचा मुलगा) १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात गेला असताना मित्राने नारायण धारपांची गोष्ट सांगितली. ती डोक्यात बसली. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिला मसुदा. पुढे सातशे पानांचं चित्ररूप. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पाऊस खराच हवा, म्हणून चित्रीकरण अनेक पावसाळ्यांवर पसरलं. चित्रपटात धारपांची ‘आजी’ ही कथाही डोकावते, आणि ती मुळात स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी सदाशिव पेठी वळणाने कोकणात उतरली.

आणि ती साखळदंडातली आजी? मोहम्मद समद. होय, ज्या मुलाने नायक विनायकरावांच्या मुलाचं, पांडुरंगाचं, काम केलं, तोच. थेटरात हे कुणालाही कळलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला.

हाणामारी: इन्शुरन्सवाले पळतात ती

हिंदी पडद्यावरचा पहिला खरा ॲक्शन हिरो बाई होती, आणि तीही ऑस्ट्रेलियात जन्मलेली. मेरी इव्हान्स ऊर्फ फिअरलेस नाडिया. ‘हंटरवाली’ (१९३५) घ्यायला वितरक धजेनात, तेव्हा वाडिया बंधूंनी तो स्वतःच लावला आणि थेटरं ओसंडली. छपरांवरून उड्या, धावत्या आगगाडीवर मारामारी, आणि डुप्लिकेट नाही. आजचे हिरो केबल बांधून जिन्यावरून उडी मारतात आणि मुलाखतीत त्याचीच कथा सांगतात.

जॅकी चॅन त्याच जातकुळीचा. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) ब्रूस ली ज्याची मान मोडतो, त्या गर्दीतल्या पोरांत हा एक. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) तो मॉलमधल्या खांबावरून दिव्यांच्या माळांतून घसरत खाली येतो, दिवे थेट विजेला जोडलेले होते, हात भाजले. इतक्या काचा फुटल्या की युनिटवाले चित्रपटाला ‘ग्लास स्टोरी’ म्हणायचे.

‘मॅड मॅक्स’चा (१९७९) दिग्दर्शक जॉर्ज मिलर अपघात विभागातला डॉक्टर. काही मदतनिसांचा मोबदला बिअरच्या रूपात दिला गेला. अमेरिकेत लावताना ऑस्ट्रेलियन इंग्रजी कळणार नाही म्हणून आवाज अमेरिकी उच्चारांत डब केले. इंग्रजीतून इंग्रजीत! खर्चाच्या तुलनेत नफ्याचा त्याचा विक्रम पुढे साठेक हजार डॉलरांत चित्रित झालेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने (१९९९) मोडला. पुन्हा भूत, पुन्हा फुटकळ पैसे.

‘डाय हार्ड’ (१९८८) आधी कुणाला विचारला होता? सत्तरी ओलांडलेल्या फ्रँक सिनात्राला. ‘डाय हार्ड’ ज्या कादंबरीवर बेतलाय, तिच्या आधीच्या भागावरचा चित्रपट त्याने वीस वर्षांपूर्वी केला होता, म्हणून करारानुसार विचारणं भाग होतं. तो नाही म्हणाला. ब्रूस विलिसने त्याचे आभार मानायला हवे होते.

वाईट, आणि म्हणून अमर

एड वुडच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’चा नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला. हाताशी त्याची थोडीशी चित्रफीत. मग वुडने त्याच्या जागी स्वतःच्या बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. उंची जास्त, चेहरा वेगळा. उपाय म्हणून त्याने सगळ्या चित्रपटभर झगा तोंडावर धरला. पैसे दिले बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी, आणि त्यांच्या अटीपायी युनिटमधल्या काही जणांनी बाप्तिस्माही घेतला.

टॉमी वाइझोच्या ‘द रूम’ला (२००३) लोक प्लास्टिकचे चमचे फेकतात, कारण त्यातल्या घरात तसबिरीत चमच्याचा फोटो आहे. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’मध्ये (१९७५) लग्नाच्या प्रसंगाला प्रेक्षक तांदूळ उधळतात, म्हणजे चक्क अक्षता. म्युनिकच्या एका थेटरात तो १९७७ पासून चालू आहे.

आपल्याकडे हा मान कांती शाहच्या ‘गुंडा’ला (१९९८). मिथुन चक्रवर्ती हिरो, आणि प्रत्येक खलनायक कॅमेऱ्याकडे बघत यमकात स्वतःची ओळख करून देतो. मी तो हसायला म्हणून लावला आणि आता त्याचा बचाव करत हिंडतो: एवढ्या निष्ठेने कुणी यमक जुळवलं नाही. त्यातले पोते, म्हणजे मोहन जोशी, पुढे अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले. आणि इबू हटेला, म्हणजे हरीश पटेल, थेट मार्व्हलच्या ‘इटर्नल्स’मध्ये (२०२१) जाऊन अँजेलिना जोलीसोबत पडद्यावर झळकले.