यंत्राशी रेघांचा आणि सुरांचा खेळ

यंत्राला बुद्धी असते की नाही, हा वाद पंडितांवर सोडू. ते शिकतं कसं, हे मात्र शाळेतल्या पोरालाही खेळता खेळता कळेल.

गूगलने २०१६ साली ‘क्विक, ड्रॉ!’ नावाचा खेळ काढला. मोबाइल सांगतो, मांजर काढा. २० सेकंदांत आपण बोटाने रेघोट्या ओढायच्या नि यंत्राने ओळखायचं. जगभरच्या लोकांच्या अशाच रेघोट्या पाहून ते शिकलं आहे. गुरुजींनी मुद्दाम जातं काढून पाहावं! यंत्र चाक म्हणेल, आणखी काही म्हणेल. जातं म्हणणार नाही. त्याला शिकवलेल्या ३४५ नावांत जातं नाहीच.

सुरांचंही तेच. मार्च २०१९ मध्ये, बाख या जर्मन संगीतकाराच्या जन्मदिनी, गूगलने दुसरा खेळ मांडला. बाखच्या चार आवाजांतल्या ३०६ प्रार्थनागीतांवर यंत्राची तालीम झालेली. आपण छोटीशी चाल द्यायची, उरलेले तीन आवाज ते भरणार. अशा यंत्राला जात्यावरच्या ओवीची चाल दिली, तर साथ मिळेल ती जर्मन चर्चमधली. बिचाऱ्याने दुसरं ऐकलंय कुठे? (मींड तर त्याच्या ठरावीक स्वरांत बसायचीच नाही.)

मग मुलांना विचारावं: याला ओवी यायला हवी, तर आपल्या गावातलं काय काय ऐकवावं लागेल, आणि कुणाच्या तोंडून?