मलमांचे तारतम्य (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात त्वचेचा दाह म्हणजे काय, हे पाहिले. आज त्या दाहावर जी स्टेरॉइडयुक्त मलमे चोळली जातात, आणि ज्यांची निवड बहुधा वैद्याने नव्हे, तर औषधाच्या दुकानी गल्ल्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाने केलेली असते, त्यांचे तारतम्य पाहू.

पैठणच्या परिसरात शेताच्या बांधावरून जो फिरला, त्यास गाजरगवताची ओळख करून देण्याचे कारण नाही. अमेरिकाखंडातील हे तण पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात नजरेस आले आणि पुढे देशभर माजले. त्यातील पार्थेनिन या द्रव्याचे ज्याच्या अंगाशी एकदा वावडे जडले, त्याने ते गवत हाती धरावे असेही नाही. वाऱ्यावर उडालेले त्याचे वाळके कण पापण्यांवर, मानेवर व कोपराच्या लवणीत बसले, तरी कातडी लाल होते, खाजते आणि कालांतराने जाड होऊन काळवंडते. असा शेतकरी दुकानात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो, तेव्हा पुढे आलेल्या चार ट्यूबांतील भेद त्यास कोण सांगणार?

ट्यूबेवरील टक्केवारी हा भेद सांगत नाही, उलट दिशाभूल करते. हायड्रोकॉर्टिझोन एक टक्का, तर क्लोबेटासॉल केवळ ०.०५ टक्का, तथापि पहिले सर्वांत सौम्य आणि दुसरे सर्वांत जहाल. मोमेटासोन व बीटामेथासोन व्हॅलरेट ही ०.१ टक्क्याची मलमे प्रखर गणली जातात, मात्र क्लोबेटासॉलच्या खालच्या पायरीवर. ही प्रतवारी ठरविण्याची युक्ती मॅकेन्झी व स्टॉटन यांनी १९६२ साली मांडली: औषध लावल्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून कातडी किती फिकट पडते, ते पाहावयाचे. या कसोटीने क्लोबेटासॉल हायड्रोकॉर्टिझोनच्या सुमारे सहाशे पट भरते.

परंतु मलमाचा अंमल जितका द्रव्यावर, तितकाच जागेवर अवलंबून असतो, आणि माझ्या मते सारी गोम इथेच आहे. फेल्डमन व मायबाख यांनी १९६७ साली केलेल्या मोजणीत हाताच्या पुढच्या भागातून जेवढे हायड्रोकॉर्टिझोन मुरले, त्याच्या सहापट कपाळातून, तेरापट जबड्याच्या कडेतून आणि बेचाळीसपट अंडकोशाच्या त्वचेतून मुरले; तळपायातून मात्र सातवा हिस्सा. म्हणून टाचेच्या जुनाट, भेगाळ इसबावर जे प्रखर मलम रास्त, तेच पापणीवर अन्यायकारक. चेहऱ्यावर सौम्य मलम, तेही थोडे दिवस, असा शिरस्ता आहे. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांहून अधिक, किंवा आठवड्यात पन्नास ग्रॅमांपलीकडे, लावू नये. कोरड्या त्वचेस स्निग्ध मलम मानवते, स्रवणाऱ्या इसबास क्रीम. तर्जनीच्या अग्रापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते.

हा हिशेब चुकला म्हणजे कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उमटतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, आणि मलम थांबवताच आग उसळून रोगी पुन्हा त्याच ट्यूबेकडे वळतो. गोरेपणाच्या हौसेने हे मलम रोज रात्री लावणाऱ्यांची फसगत तर याहून केविलवाणी, कारण त्यांना मुळात रोगच नव्हता. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशा चौदा मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीखाली आणली. परंतु फर्मान दिल्लीत निघते आणि ट्यूब मिळते ती गावच्या बाजारात.

गाजरगवताच्या रोग्यास मात्र कोणतेही मलम तात्पुरतेच. फुलोऱ्यापूर्वी तण उपटावे, ते त्याने स्वतः नव्हे तर ज्याला वावडे नाही अशा घरच्या दुसऱ्याने, हातमोजे घालून. रोग्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा व शेतातून येताच तोंड धुवावे. एवढ्याने न भागल्यास ॲझाथायोप्रीनसारख्या पोटात घ्यावयाच्या औषधाचा विचार त्वचारोगतज्ज्ञाने करावा. नायट्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावले असता लाली मावळते व बुरशी आत फोफावते, तो मामला पुढील लेखांकी.