लकव्यानंतर मेंदूत नव्या पेशी तयार होतात का?

एरंडोलजवळून जाणाऱ्या महामार्गावर अपघात होतो आणि कोणाच्या तरी डोक्याला मार लागतो. कुठे बीपीची गोळी सोडून दिलेल्या माणसाला पहाटे लकवा मारतो. मग घरात एकच प्रश्न असतो : मेंदू पुन्हा भरून येईल का?

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन उत्तरे फिरत असतात. एक म्हणते, मेंदूची पेशी एकदा मेली की संपले. दुसरे म्हणते, अमुक काढा, तमुक इंजेक्शन किंवा ध्यान केले की नव्या पेशी उगवतात. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहायला हवीत.

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही, असे शास्त्रज्ञही बरीच वर्षे मानत होते. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांना उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दिसल्या, पण फारसे कोणी ऐकले नाही. १९९८ मध्ये एरिक्सन आणि गेज यांच्या गटाने माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणशक्तीशी संबंधित भागात, नव्या पेशी दाखवल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हिशेब मांडला : प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या पेशी. २०१८ मध्ये मात्र दुसऱ्या एका गटाला प्रौढांत अशा पेशी सापडल्याच नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी याच भागातील नव्या पेशी, ताण आणि नैराश्यावरील औषधे यांचा संबंध उंदरांवर अभ्यासला आहे. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला.

आता इजेकडे येऊ. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. दोन्ही बाजू मिळून रोज १४०० पेशी धरल्या, तरी एका मिनिटाचे नुकसान भरायला पावणेचार वर्षे लागतील. शिवाय या पेशी हिप्पोकॅम्पसमध्येच राहतात, लकव्याच्या जागी जात नाहीत. उंदरांत काही नव्या पेशी इजेकडे सरकतात असे २००२ मध्ये दिसले, पण त्यातल्या बहुतेक मेल्या. मेलेल्या हजार पेशींमागे जेमतेम दोन भरून निघाल्या. माणसाच्या मेंदूच्या बाह्य भागात लकव्यानंतर नव्या चेतापेशी तयार झाल्याचे २०१४ च्या अभ्यासात आढळले नाही.

मग माणसे पुन्हा चालू-बोलू लागतात ती कशी? वाचलेल्या पेशी एकमेकींशी नवे जोड तयार करतात. जवळचा भाग गेलेल्या भागाचे काम हळूहळू शिकतो. हे शिकणे सरावाने होते. म्हणून काही रुग्णांचा चांगला हात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताला काम करायला लावतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. नेमका तोच काळ आपण मालिश, गंडेदोरे आणि "आराम करू द्या" यात घालवतो. फिजिओथेरपी हाच इथे मुख्य उपचार आहे.

लकवा किंवा डोक्याची इजा बरी करतो म्हणून स्टेम सेलचे इंजेक्शन विकणाऱ्यांपासून सावध राहा. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येते. त्यासाठी शेत गहाण ठेवू नका. ध्यानाने मन स्थिर होते, धीर मिळतो. पण त्याने माणसाच्या मेंदूत नव्या पेशी जन्मतात, असे सिद्ध झालेले नाही. जे सिद्ध नाही ते आपणही सांगू नये.

आपल्या हाती आहेत ती मिनिटे. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. एरंडोलहून जळगाव सुमारे ३० किलोमीटर आहे. भगताकडे वळलो की हा वेळ संपतो. बीपीची गोळी रोज घ्या, गाडीवर हेल्मेट घाला.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे काढून ही तीन लक्षणे आणि १०८ हा नंबर सगळ्यांना सांगितला, तर कोणाचे तरी चालणे-बोलणे वाचेल.