ड्रायरची नळी आणि साळुंकीचे घरटे

पनवेल-उरण रस्त्यावरील जासई गावी पावसाळा म्हणजे ओल्या कपड्यांचे चार महिने. एकीकडून खाडीची दमट हवा येते, दुसरीकडे बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रीघ लागलेली असते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून ही वर्दळ येथील लोकांच्या अंगवळणी पडली आहे. उघडीप मिळाली म्हणून गच्चीवर कपडे घालावेत, तर संध्याकाळी ते धूळ झटकूनच घरात घ्यावे लागतात. म्हणून सात माणसांच्या आमच्या कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी कपडे वाळविण्याचे यंत्र, म्हणजे ड्रायर, घेतला.

यंत्र बसविणाऱ्या कारागिराने मागे पांढऱ्या प्लास्टिकची घडीची नळी जोडली आणि गॅलरीच्या भिंतीला भोक पाडून तिचे तोंड बाहेर काढले. नळी गरजेपेक्षा दुप्पट लांब होती. उरलेली लांबी त्याने यंत्रामागे वेटोळे करून दडपली. बाहेरच्या तोंडाला झाकण नव्हते. यात काही चुकले आहे, असे तेव्हा आम्हांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

दिवाळीनंतर ऊन असते, त्यामुळे यंत्र बंद राहते. गेल्या जूनमध्ये पहिली सर आली आणि सौ. म्हणाल्या, “अहो, आज ड्रायर लावावा लागणार.” मी बटण दाबणार, इतक्यात गॅलरीतून नातीची हाक आली, “आजोबा, थांबा! नळीत कुणीतरी बोलतंय.” स्टुलावर चढून विजेरीने पाहिले. वाळके गवत, कागदाचे कपटे आणि त्यांत साळुंकीची पिले! बटण दाबले असते, तर त्या जिवांवर यंत्राची गरम हवा सुटली असती.

पिले उडून जाईपर्यंत यंत्र लावावयाचे नाही, हे घरात कोणी कोणास सांगावे लागले नाही. तीन आठवडे बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधून, पंख्याखाली कपडे वाळविले. पाहुण्यांना वाकून यावे लागे. एके सकाळी नळीतील किलबिल थांबली. आणखी दोन दिवस वाट पाहून, घरटे रिकामे असल्याची खात्री करून, मी नळी ओढून काढली.

तेव्हा खरा धक्का बसला. प्रत्येक घडीत कपड्यांची बारीक लव साचून तिचे राखाडी थर झाले होते. वेटोळ्याच्या जागी तर बोट जाईल एवढीच वाट उरली होती. मागील पावसाळ्यात तासाभरात वाळणाऱ्या कपड्यांना दोन तास का लागत होते, याचा उलगडा झाला. यंत्र साधारण दोन किलोवॅटचे. रोज एक तास जादा चालले, तर चार महिन्यांत सुमारे २४० युनिट वाया जातात. दर दहा रुपये धरला, तर दोन हजार चारशे रुपये. आयुष्यभर इतरांचे ताळेबंद तपासणाऱ्या मला घरातील ही गळती दिसली नव्हती.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आगीची. ड्रायर गरम हवेने कपड्यांतील ओल उचलतो आणि ती हवा नळीवाटे बाहेर टाकतो. वाट तुंबली की उष्णता आत कोंडते, आणि वाळलेली लव कापसासारखी पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला. त्यानुसार तेथील घरांत दरवर्षी सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागत. साफसफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण होते, ३४ टक्के. लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातील १८ मजली इमारतीत ऑगस्ट २०१६ मध्ये लागलेली आगही एका सदनिकेतील ड्रायरपासूनच सुरू झाली होती. तेथे कारण यंत्रातील दोषाचे होते. आपल्यापैकी अनेकांचे दुकान खाली आणि घर वर असते. माळ्यावर कापडाचे गठ्ठे असतात. तेथे ठिणगीला निमित्त पुरते.

नवी नळी बसविण्याचे काम एका दुपारचे आहे. प्रथम प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. यंत्र पुढे ओढून जुनी नळी सोडवावी आणि यंत्राच्या मागील तोंडातील लव ब्रशने काढावी. नवी नळी प्लास्टिकची किंवा पातळ चकचकीत फॉइलची नसावी. चार इंच व्यासाची, आतून गुळगुळीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची घ्यावी. ती शक्य तितकी आखूड व सरळ असावी. अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत एकूण लांबी ३५ फुटांपर्यंत मान्य आहे, पण प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा होतात. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र अखेरची मानावी.

सांधे जोडताना हवा ज्या दिशेने जाते, त्या दिशेने एक तुकडा दुसऱ्याच्या आत जावा. आत टोक येईल असे स्क्रू मारू नयेत, त्यांवर लव अडकते. सांध्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी, कापडी नको. नळीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे साचलेले पाणी आत येत नाही. बाहेरच्या तोंडाला हवेने उघडणारे आणि यंत्र थांबताच मिटणारे झाकण बसवावे. तेथे बारीक जाळी लावू नये, ती लवेने बुजते. नळी कधीही माळ्यावर किंवा गोदामात उघडी सोडू नये, कारण मालाला ओल आणि लव दोन्ही लागतात.

एवढे झाल्यावर यंत्र चालवून झाकण पूर्ण उघडते की नाही ते पाहावे. यंत्रातील लवेची जाळी प्रत्येक वेळी साफ करावी, आणि घरात कोणी जागे नसताना यंत्र चालू ठेवू नये. ज्या यंत्रांत पाणी डब्यात साठते, त्यांना बाहेर जाणारी नळी नसते. त्यांची जाळी मात्र तितकीच जपावी लागते.

नळी वर्षातून एकदा साफ करण्यास आम्ही दिवाळीचा मुहूर्त धरला आहे. नव्या वह्या काढण्याच्या दिवसांत यंत्राचाही हिशेब मिटतो, आणि उन्हाळ्यात पक्षी जागा शोधू लागण्यापूर्वी झाकण नीट मिटते आहे याची खात्री होते. नातीच्या आग्रहास्तव गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक मडके आडवे टांगले आहे. या वर्षी साळुंकीने तेथे गवत आणावयास सुरुवात केली आहे.