नळीची लांबी आणि तोंडावरचा भार

काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला नेहमी येणाऱ्या माणसाला बैलगाडीचा तोल शिकवण्याचे कारण नाही. पोती मागच्या अंगाला जास्त रचली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला काच बसतो. पुढे जास्त रचली की सगळा भार त्यांच्या मानेवर येतो. पोती तेवढीच, वजन तेवढेच; फरक पडला तो फक्त जागेचा. रायफलीच्या नळीची लांबी आणि तिच्या तोंडावर बसवलेल्या सायलेन्सरचे वजन यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न ऐकायला परका वाटला तरी त्याचे गणित या गाडीचेच आहे.

याच जिल्ह्याच्या ठिकाणी १५४९ साली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली. ती आज विजापूरच्या तटावर आहे. तिचा भार जमीन सोसते, म्हणून तिच्या तोलाची चिंता गोलंदाजाला नसते. रायफलीचा भार मात्र माणसाचा डावा हात सोसतो, आणि हात थकला की नेम हलतो.

प्रथम नळीचा विचार करू. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला नळीभर ढकलीत नेतो. नळी जितकी लांब तितका वेळ हा रेटा मिळतो आणि गोळीचा वेग वाढतो. परंतु ही वाढ सरळ हिशेबाने होत नाही. वायू पसरत जातो तसा त्याचा जोर ओसरतो. शेवटच्या काही अंगुळांत मिळणारा वेग थोडाच असतो. मध्यम बोराच्या शिकारी रायफलीची नळी १० सेंटिमीटरने आखूड केली, तर सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास असलेला वेग साधारणपणे २५ ते ३० मीटरने उतरतो. लहान बोराच्या, म्हणजे पॉइंट बावीसच्या रायफलीत तर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरपुढची नळी वेगाला जवळजवळ काहीच देत नाही.

आता सायलेन्सर. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. मशीनगन करणाऱ्या मॅक्सिमचाच हा मुलगा. बाप-लेकांनी मिळून जगाला मोठा आवाजही दिला आणि तो दाबण्याची युक्तीही! नळीतून सुटणारा तापलेला वायू एकदम हवेत न सोडता कप्प्याकप्प्यांतून थंड करीत सोडायचा, एवढेच त्याचे तत्त्व. सिनेमात दाखवतात तसा 'फुस्' एवढाच आवाज रायफलीतून होतो, हे मात्र खरे नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याच्या दुपटीहून वेगाने जाते आणि वाटेत हवेत जो कडाका करते, तो कोणताही सायलेन्सर थांबवू शकत नाही. कानठळ्या बसवणारा आवाज सोसण्याजोगा होतो, एवढाच लाभ. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड या देशांतले शिकारी कानांच्या रक्षणासाठी तो सर्रास वापरतात.

तेथेच आपला प्रश्न उभा राहतो. समजा, रायफल साडेतीन किलोची आहे, नळी ६० सेंटिमीटरची आहे आणि तोलबिंदूपासून नळीचे तोंड ५५ सेंटिमीटरवर आहे. तिच्यावर २० सेंटिमीटर लांबीचा, ४०० ग्रॅमचा सायलेन्सर बसवला. चारशे ग्रॅम म्हणजे काय, भाजीच्या पिशवीतही जाणवायचे नाहीत! पण हे वजन तोलबिंदूपासून सरासरी ६५ सेंटिमीटरवर टांगले गेले आहे. हिशेब केला तर तोलबिंदू पावणेसात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटे, पुढे सरकतो. हाताची जागा तीच राहते आणि रायफल नाक खाली घालू लागते.

यावर उपाय म्हणून नळी १० सेंटिमीटरने आखूड करतात. कापलेल्या पोलादाचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर भरते. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण दोन गोष्टी एकदम घडतात: ते पोलाद टोकावरून जाते आणि सायलेन्सरही तितकाच मागे येतो. तोलबिंदूचे सरकणे पावणेसातवरून सव्वाचार सेंटिमीटरवर येते. याहून मोठा फरक रायफल वळवताना कळतो. टोकावरचे वजन वळवायला किती जड जाईल हे अंतराच्या वर्गावर ठरते; दुप्पट अंतरावर चौपट अडचण. त्यामुळे सायलेन्सरने वळवण्यात जी अडचण वाढवली होती, ती या कापण्याने जवळजवळ निम्मी होते. वेगातला तोटा शेकड्याला तीन-चार, आणि तोलातला लाभ इतका! झाडीत फिरणाऱ्या शिकाऱ्याला हा सौदा परवडतो. फार आखूड करू गेले तर उलटे होते: न जळलेली दारू आणि जास्त दाबाचा वायू सायलेन्सरवर आदळतो, आवाज वाढतो, आणि तो झेलायला पुन्हा मोठा, जड सायलेन्सर लागतो. शिवाय टोकावरचे वजन बदलले की नळीचे कंपनही बदलते, म्हणून सायलेन्सर चढवला वा उतरवला की नेम नव्याने जुळवावाच लागतो. ज्याने तो जुळवला नाही, त्याची गोळी जनावराला मारीत नाही, जखमी करून सोडते.

आपल्याकडे या शिकारी हिशेबाला आता वाव नाही, आणि आम्हांस त्याचे दुःख नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठीच राखले गेले. परंतु रायफल गेली नाही. ती रानातून निशाणबाजीच्या मैदानावर आली, आणि तोलाचा प्रश्न तिच्याबरोबर तेथे आला; मात्र उलट बाजूने.

डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालताना हातात लांब काठी धरते. काठीचे वजन तिला ओझे नसून आधार असते, कारण टोकांकडे पसरलेले वजन चटकन हलत नाही आणि सावरायला अवधी मिळतो. निशाणबाजाला हेच हवे असते. शिकाऱ्याला रायफल लवकर वळायला हवी, निशाणबाजाला ती वळूच नये असे वाटते. म्हणून ५० मीटरच्या रायफलीत खरी नळी पुष्कळदा आखूड ठेवून तिच्यापुढे एक पोकळ नळकांडे जोडतात. गोळी आखूड नळीतून लवकर बाहेर पडते, पुढची माशी दूर गेल्याने नेम बारीक होतो, आणि नळकांड्यावर वजनाच्या कड्या सरकवून तोल हवा तेथे आणता येतो. सायलेन्सरसारखेच दिसणारे हे साधन आवाजासाठी नसून तोलासाठी असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून नेम धरण्याच्या दोन अवस्था संपल्या तेव्हा तो पाचवा होता. वर चढला तो उभ्या अवस्थेत. उभ्या अवस्थेत डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले असते आणि आठ किलोपर्यंतची रायफल एका हाताच्या तळव्यावर तोललेली असते. जमिनीचा आधार तेथे नसतो. तोल किती मोलाचा, हे तेथे कळते.

आता गावोगावची मुले एअर रायफल हाती घेत आहेत, म्हणून एक गोष्ट आम्ही पालकांच्या कानावर मुद्दाम घालतो. १० मीटरच्या एअर रायफलीला साडेपाच किलोची मर्यादा आहे. ती कमाल आहे, किमान नव्हे. मोठ्यांची रायफल बारा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली की ते कंबर मागे वाकवून तिचा भार पेलते, आणि गुण चांगले पडले तरी पाठ बिघडत जाते. रायफल विकत घेण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करून एका बोटावर आडवी तोलून पाहावी. तोलबिंदू मुलाचा डावा हात जेथे सहज पोहोचतो त्याच्या फार पुढे असेल, तर ती रायफल कितीही नावाजलेली असो, त्या मुलाची नव्हे. पुढची वजने आधी काढून टाकावीत, काही आठवडे तशीच चालवावी, मग एकेक लहान कडी परत चढवीत जावे. गुणांपेक्षा, तासाभराच्या सरावानंतर मूल खांदा चोळते की नाही, इकडे लक्ष द्यावे. वर्षभरात ते दोन-चार बोटे उंच झालेले असते, हात लांबलेला असतो, आणि कड्यांची जागा पुन्हा शोधावी लागते.