बिशप हेबर यांचा हिंदुस्थानप्रवास

एखाद्या देशाविषयीं घरीं बसून मत बनविणें सोपें असतें. तो देश डोळ्यांनीं पाहिल्यावर तें मत बदलणें मात्र कठीण. त्यांतून तें मत आपल्याच गीताच्या रूपानें हजारों लोकांच्या तोंडीं बसलेलें असेल, तर तें अधिकच कठीण. कलकत्त्याचे दुसरे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्यावर असाच प्रसंग आला आणि त्याची साक्ष त्यांच्याच रोजनिशींत व पत्रांत राहिली आहे.

हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजीं इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत माल्पस येथें झाला. ऑक्सफर्डला असतांनाच ते कवि म्हणून नांवाजले. पुढें त्यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. परदेशांतील मिशनकार्यासाठीं निधि जमवावयाचा होता, म्हणून १८१९ सालीं वेल्समधील रेक्सम येथें त्यांनीं एक भजन रचलें. त्यांत सिंहलद्वीपाच्या निसर्गशोभेची स्तुति आहे. पण तेथील माणूस मात्र हीन आणि दगडालांकडापुढें वांकणारा अंध असा वर्णिला आहे. त्या वेळीं हेबर यांनीं आशियाचा किनाराहि पाहिला नव्हता. हें भजन इंग्रजी चर्चांतून शंभर वर्षांहून अधिक काळ गाइलें गेलें. महात्मा गांधींनीं पुढें मिशनऱ्यांसमोरच त्या ओळीविषयीं आपली नापसंती बोलून दाखविली.

१८१३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलुखांत मिशनऱ्यांस थारा देण्यास नाखूष असे. त्या सालच्या सनदेनें ही आडकाठी सैल झाली आणि १८१४ त कलकत्त्यास बिशपचें पद निर्माण झालें. कंपनीचा हिंदुस्थानांतील सारा मुलूख त्या एकट्या बिशपच्या धर्मप्रांतांत होता. पुढें सिंहलद्वीप आणि ऑस्ट्रेलियाहि त्यांत मोडूं लागलें. पहिले बिशप मिडल्टन १८२२ त वारले. हेबर यांनीं प्रथम नकार दिला, मग विचार करून पद स्वीकारलें व १८२३ च्या ऑक्टोबरांत ते कलकत्त्यास उतरले.

जून १८२४ मध्यें ते गंगेंतून नावेनें दौऱ्यावर निघाले. बरोबरचे धर्मोपदेशक स्टो डाक्क्यास मृत्यु पावले, तरी हेबर थांबले नाहींत. लखनौ, दिल्ली, आग्रा, जयपूर असा प्रवास करीत ते १८२५ च्या मार्चांत गुजराथेंत आले. नडियाद येथें २६ मार्च रोजीं स्वामिनारायण पंथाचे संस्थापक सहजानंद स्वामी त्यांस भेटले. स्वामींबरोबर सुमारें दोनशें घोडेस्वार होते. बिशपांबरोबरहि स्वार व शिपाई होतेच. दोन धर्मोपदेशकांनीं आपापली लहानशी फौज घेऊन भेटावें, ह्याचें हेबर यांस हसूं आलें व तें त्यांनीं लिहूनहि ठेविलें. मूर्तिपूजेविषयीं दोघांचें जुळलें नाहीं. तथापि स्वामींच्या उपदेशानें दांडगे व चोरटे लोकहि सन्मार्गास लागले, ही गोष्ट हेबर यांनीं मोकळेपणानें नमूद केली.

एप्रिलांत ते समुद्रमार्गें मुंबईस आले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्याविषयीं त्यांस फार आदर वाटला. घारापुरी आणि कान्हेरी हीं लेणीं पाहून ते पावसाच्या दिवसांत बोरघाट चढले, कार्ल्याचें लेणें पाहिलें व पुण्यास पोहोंचले. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं सात वर्षें झालीं होतीं. पुण्याच्या लष्करांतील सेंट मेरी व ठाण्याचें सेंट जेम्स हीं चर्चें त्याच वर्षीं त्यांच्या हस्तें उपासनेस वाहण्यांत आलीं. पुण्याहून ते मुंबईस परतले. अहमदनगरच्या पलीकडील बीड, अंबेजोगाई हा मुलूख तर निजामाच्या अमलांत होता. तेथवर त्यांचें पाऊल पडलें नाहीं.

परंतु जेवढें पाहिलें तेवढें त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. येथील लोकांची बुद्धि, सौजन्य व शिल्पकौशल्य यांचा त्यांनीं ठिकठिकाणीं गौरव केला. आपल्याच देशबांधवांच्या घमेंडखोर, तुटक वागण्यास दोष दिला. मार्च १८२६ त इंग्लंडांतील मित्र विन यांस लिहिलेल्या पत्रांत तर त्यांनीं स्पष्ट म्हटलें कीं, कंपनी रयतेकडून जेवढा सारा घेते तेवढा कोणताहि देशी राजा घेत नाहीं. ह्या म्हणण्याची प्रचीति दक्षिणेंतच आली. प्रिंगल यांनीं पुणें जिल्ह्यांत बसविलेल्या जबर साऱ्यामुळें शेतकरी जमिनी टाकून गेले आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापुरापासून नवी जमाबंदी करावी लागली.

हें पत्र लिहिल्यावर थोड्याच दिवसांनीं, ३ एप्रिल १८२६ रोजीं, त्रिचनापल्ली येथें सकाळची उपासना आटोपून हेबर उन्हांतून परतले व स्नानास गेले. तेथेंच त्यांचा अंत झाला. वयाचीं त्रेचाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. एवढा विस्तीर्ण धर्मप्रांत एका माणसास झेंपणारा नाहीं, हें त्यांच्या मरणानें उघड झालें. १८३५ त मद्रासचा व १८३७ त मुंबईचा धर्मप्रांत वेगळा झाला. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार हे होत. १९२९ त नाशिकचा धर्मप्रांत निघाला आणि १९७० त उत्तरेकडील अँग्लिकन मंडळ्या इतर पंथांसह उत्तर भारतीय चर्चमध्यें विलीन झाल्या.

ख्रिस्ती धर्मप्रसाराविषयीं हेबर यांची निष्ठा अखेरपर्यंत ढळली नाहीं. बदलली ती माणसांविषयींची दृष्टि. त्यांच्या पत्नी अमेलिया यांनीं १८२८ त त्यांची रोजनिशी प्रसिद्ध केली. पण ती थोड्यांच्या हातीं गेली, आणि न पाहतां रचलेलें भजन मात्र सर्वांच्या तोंडीं राहिलें. हेबर यांचा न्याय करावयाचा तर भजनाशेजारीं ती रोजनिशीहि उघडून ठेवावी लागते.